गळाला कडी कशी बांधावी

केज तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवर धरण आहे. लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब या गावांचं पिण्याचं पाणी तिथूनच जातं, म्हणून पावसाळ्यात चार गावांचं लक्ष त्याच्या पातळीवर असतं. काठावर गळ टाकून बसणाऱ्याचं लक्ष मात्र पाण्यावर तरंगणाऱ्या बुचावर असतं. बूच बुडतं, काठी वाकते, मासा जड लागतो. काठ चार हातांवर आलेला असताना दोरा एकदम हलका होतो.

अशा वेळी आपण म्हणतो, मासा मोठा होता, दोरा तुटला. तसं म्हणण्याआधी दोऱ्याचं टोक डोळ्यांजवळ धरून बघावं. टोकाला बारीक वेटोळी पडली असतील, तर दोरा तुटलेला नाही, गाठ सरकून सुटली आहे. टोक गाठीच्याच जागी कापल्यासारखं असेल, तर गाठ आवळताना दोरा दुखावला होता. आणि टोकाच्या वर वीतभर अंतरापर्यंत दोरा खरखरीत लागत असेल, तर तो दगडावर किंवा बाभळीच्या बुडालेल्या फांदीवर घासला गेला. यातल्या पहिल्या दोन कारणांवर उपाय आपल्या हातात आहे. तो घरी बसून, चहा पिता पिता शिकता येतो.

या लेखात आपण कडीच्या गाठी बघणार आहोत. कडी म्हणजे दोऱ्याच्या टोकाला बांधलेलं, न सरकणारं गोल तोंड. फ्लाय फिशिंग, म्हणजे बनावट माशी लावून मासेमारी, करणाऱ्यांचं तर कडीशिवाय एक पाऊलही पुढे पडत नाही, पण साध्या काठीने गळ टाकणाऱ्यालाही कड्या तितक्याच उपयोगी आहेत.

आधी चार शब्द ठरवून घेऊ. तंगूस म्हणजे गळाचा पारदर्शक, एकपदरी नायलॉनचा दोरा. मूळ दोरा म्हणजे काठीकडे जाणारी बाजू. मोकळं टोक म्हणजे आपल्या हातातलं, गाठ बांधून झाल्यावर कापायचं टोक. आणि साधी गाठ म्हणजे शिवताना दोऱ्याच्या शेवटी आपण मारतो ती एकेरी गाठ.

शेतातला माणूस म्हणेल, गाठी काय आम्हाला शिकवता? बैलाच्या दाव्याला सुरगाठ, कडब्याच्या पेंढीला निरगाठ, हे तर लहानपणापासून येतं. खरं आहे. पण अंबाडीच्या वाखाच्या दोरीला तंतू असतात, ते एकमेकांत रुततात आणि गाठ स्वतःच घट्ट बसते. तंगूस काचेसारखी गुळगुळीत असते, तिला धरायला काही नसतं. शिवाय ती ताठ असते, वाकवली की पुन्हा सरळ व्हायला बघते. म्हणून तिच्या गाठीला जास्त वेढे लागतात, आणि ते वेढे एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसावे लागतात.

दुसरी गोष्ट, कोणतीही गाठ दोऱ्याची थोडी ताकद खातेच. दोरा गाठीत जितक्या तीव्र कोनात वळतो आणि स्वतःवरच दाबला जातो, तितका तो तिथे कमकुवत होतो. तंगुशीत मारलेल्या एका साध्या गाठीने तिची ताकद जवळपास अर्ध्यावर येऊ शकते. रिळावर 5 किलो लिहिलेलं असतं ते गाठ नसलेल्या दोऱ्याचं. आपल्या हातात किती किलो उरतात, ते गाठीवर ठरतं.

कडी लागते कुठे? फ्लाय फिशिंगमध्ये फ्लाय म्हणजे पिसं आणि रेशीम गुंडाळून केलेली बनावट माशी गळावर बसवलेली असते. तिला वजन जवळजवळ नसतंच. साध्या गळाला शिशाचं वजन लांब नेतं, इथे ते काम दोरीच करते. म्हणून फ्लायची दोरी जाड, वजनदार, प्लास्टिकचा लेप दिलेली असते. अशी दोरी माशाजवळ पडली तर तो पळून जाईल, म्हणून तिच्या पुढे साधारण 9 फुटांचा निमुळता, पारदर्शक दोरा जोडतात. त्याला लीडर म्हणतात. लीडरच्या शेवटच्या, सर्वांत बारीक तुकड्याला टिपेट म्हणतात. दोरीला लीडर कडीत कडी अडकवून जोडतात, आणि टिपेटला फ्लाय पुन्हा एका कडीने लटकवतात.

सह्याद्रीकडे या प्रकारात मान आहे तो खडस माशाचा, म्हणजे महाशीरचा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून पाण्यात सोडली जातात. आपल्याकडे धरणात रोहू, कटला, मृगळ हे सोडलेले मासे, आणि सोबत चिलापी, मरळ. चिलापी उथळ पाण्यात काठाजवळ फिरते आणि छोट्या फ्लायला तोंड लावते, म्हणून शिकणाऱ्याला ती सोयीची.

आता हात चालवू. सरावाला तंगूस घेऊ नका, ती दिसत नाही आणि निसटते. हातभर रंगीत नायलॉनची जाड दोरी घ्या, कपडे वाळत घालायला वापरतो तशी. गळाऐवजी किल्ल्यांच्या जुडग्याची रिंग चालेल. खरा गळ सरावात नकोच, बोटात शिरला तर काढताना फार त्रास होतो.

सुरुवात सर्वांत सोप्या कडीपासून. तिचं नाव सर्जनची कडी. दोरीचं टोक वीतभर मागे दुमडून दुहेरी करा. दुमडलेली बाजू हातात घेऊन, दोन्ही पदर एकत्र धरून एक साधी गाठ मारा, पण आवळू नका.

तीच दुमडलेली बाजू त्याच गाठीच्या पोटातून आणखी एकदा काढा. एवढंच. एका वेढ्याऐवजी दोन वेढे झाले म्हणून ही तंगुशीत टिकते. एकच वेढा ठेवला तर जोर पडल्यावर ती दोरा चावते, आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात.

आवळताना डाव्या हाताच्या चिमटीत मूळ दोरा आणि मोकळं टोक दोन्ही धरा आणि उजव्या हाताने कडी ओढा. फक्त मूळ दोरा ओढला तर एक पदर ताठ आणि दुसरा सैल राहतो. मग सगळा भार एकाच पदरावर येतो. ही गाठ अंधारातही जमते, बोटं गारठलेली असली तरी जमते. तिचा एकच दोष, कडी मूळ दोऱ्याच्या अगदी सरळ रेषेत बसत नाही, जराशी तिरपी राहते.

सरळ रेषेतली कडी हवी असेल तर पर्फेक्शन लूप. लीडरच्या जाड टोकाला ही शोभते. ती जुनी आहे, नायलॉनच्या आधीची. नायलॉनचा शोध 1935 चा. त्याआधी लीडर रेशीमकिड्याच्या ग्रंथीतून ओढून काढलेल्या तातेचे असत, आणि गाठ मारण्याआधी ती तात पाण्यात भिजवावी लागे, नाहीतर मोडे. क्लिफर्ड ॲशली यांच्या 1944 सालच्या गाठींच्या मोठ्या कोशात ही कडी 1017 क्रमांकावर आहे.

डाव्या चिमटीत दोरी धरा, मूळ दोरा खाली लोंबू द्या. मोकळं टोक मूळ दोऱ्याच्या मागून नेऊन एक कडी करा. जिथे दोरी दोरीला छेदते तिथे चिमटीने दाबून ठेवा. ही पहिली कडी, अंगठ्याएवढी मोठी. मोकळं टोक आता उजवीकडे आहे.

तेच टोक पहिल्या कडीच्या पुढून डावीकडे न्या आणि चिमटीच्या मागून फिरवून पुन्हा उजवीकडे आणा. पहिल्या कडीसमोर दुसरी, जराशी लहान कडी तयार झाली. ती समोर उभी राहील अशी त्याच चिमटीत पकडा.

आता मोकळं टोक दोन्ही कड्यांच्या मधून डावीकडे घाला आणि तेही अंगठ्याखाली दाबा. चिमटीत तीन गोष्टी झाल्या. इथेच बहुतेकांची पकड सुटते, आणि एकदा सुटली की काय कुठे होतं ते कळत नाही. मग उलगडून पहिल्यापासून करणंच बरं. अर्धवट आठवून केलेली गाठ दिसते तशीच, पण धरत नाही.

शेवटी समोरची लहान कडी पहिल्या कडीच्या पोटातून मागच्या बाजूला ओढून काढा. मोकळं टोक मधे अडकलेलं राहिलं पाहिजे. कडी आणि मूळ दोरा विरुद्ध दिशांना ओढून आवळा, टोकाला हात लावू नका. गाठ बरोबर जमली असेल तर मोकळं टोक कडीला काटकोनात, आडवं बाहेर आलेलं दिसेल. ते कडीला समांतर पडलं असेल तर ते मधे अडकलंच नाही. कापा, पुन्हा बांधा.

आता गळाजवळची गाठ, आणि माझ्या मते शिकायची एकच असेल तर ही. हिला न सरकणारी कडी म्हणू. ही अमेरिकेतले मासेमारीचे शिक्षक लेफ्टी क्रे (1925 ते 2018) यांनी घरोघरी पोहोचवली, म्हणून तिला क्रे यांची कडी असंही म्हणतात.

आधी ती का हवी ते सांगतो. गाठ गळाच्या डोळ्यावर घट्ट आवळली की गळ आणि तंगूस यांची एक ताठ काडी होते. बनावट माशी पाण्यात त्या काडीबरोबर ओढली जाते, जिवंत वाटत नाही. तीच कडीत लटकवली तर पाण्याच्या हलक्या हालचालीनेही मान फिरवते. टिपेट जितकं जाड आणि फ्लाय जितकी हलकी, तितका हा फरक मोठा. कणकेचा गोळा लावून तळाशी रोहूची वाट बघायची असेल तर कडीची गरज नाही, तिथे घट्ट गाठ चालते.

टोकापासून साधारण वीतभर अंतर सोडून तंगुशीला एक साधी गाठ मारा, पण आवळू नका. तिचं तोंड हरभऱ्याच्या दाण्याएवढं ठेवा.

मोकळं टोक गळाच्या डोळ्यातून घाला. डोळा म्हणजे गळाच्या दांड्यावरचं गोल भोक. बाजारात चपट्या डोक्याचे, भोक नसलेले गळही मिळतात. त्यांना ही गाठ चालत नाही, त्यांना दांड्यावर वेढे देऊन बांधतात. म्हणून घेतानाच बघून घ्या.

टोक परत आणून साध्या गाठीच्या तोंडातून घाला. इथे नीट लक्ष द्या. टोक गाठीच्या ज्या बाजूने बाहेर पडलं होतं, त्याच बाजूने आत गेलं पाहिजे. उलट बाजूने घातलं तरी गाठ बांधली जाते, दिसतेही ठीक, पण आवळताना वाकडी होते आणि कमी भार घेते. मला विचाराल तर या गाठीत होणाऱ्या निम्म्या चुका इथल्याच.

आता साधी गाठ सरकवत गळाजवळ आणा. गाठ आणि डोळा यांच्यातलं अंतर हीच आपली कडी. छोट्या फ्लायला ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी पुरे. मोठी कडी ठेवली तर ती गळाच्या टोकाला अडकते, आणि गळ उलटा फिरतो.

मोकळं टोक मूळ दोऱ्याभोवती, गाठीच्या वरच्या बाजूला गुंडाळा. किती वेढे ते दोऱ्याच्या ताकदीवर. साडेतीन किलोपर्यंतच्या बारीक दोऱ्याला 7, चार ते सहा किलोला 5, सात किलोच्या पुढे जाड दोऱ्याला 4. बारीक दोऱ्याला जास्त वेढे हे ऐकायला उलटं वाटतं, पण जाड तंगुशीचे जास्त वेढे नीट आवळलेच जात नाहीत, मधे पोकळ राहतात.

टोक पुन्हा त्याच साध्या गाठीच्या तोंडातून, आधी बाहेर आलं त्याच बाजूने, खाली आणा. बांधणी झाली.

यापुढचं काम बांधण्यापेक्षा महत्त्वाचं आहे, आणि ते सर्व गाठींना सारखंच लागू आहे. आवळण्याआधी गाठ ओली करा. थुंकी लावा किंवा धरणाच्या पाण्यात बुडवा. कोरडी तंगूस स्वतःवर घासत सरकली की त्या बारीकशा जागेत उष्णता तयार होते. नायलॉन वितळायला 200 अंशांच्या वर तापमान लागतं, पण दुखावायला वितळावं लागत नाही. पृष्ठभाग खरवडला, थोडा मऊ पडला, की जोराच्या झटक्याला तो तिथेच तुटतो. कोरडी आवळलेली गाठ भिंगातून बघा. वेढ्यांच्या खाली दोरा पांढुरका, कुरकुरीत झालेला दिसेल. ओल्या गाठीत तो काचेसारखाच स्वच्छ राहतो.

झटका देऊन आवळू नका. न सरकणाऱ्या कडीत आधी मोकळं टोक हळू ओढा, म्हणजे वेढे एकमेकांशेजारी गोळा होतात. मग गळ पक्कडीत धरा आणि मूळ दोरा एकसारख्या ताणाने ओढा. वेढे एकावर एक चढलेले दिसले तर तिथेच थांबा. चढलेला वेढा माशाच्या ओढीने खाली घसरतो, आणि घसरताना खालचा दोरा कापतो.

टोक कापताना नखं काढायचा नेलकटर उत्तम. दोन मिलिमीटर ठेवून कापा. आपल्याकडे नायलॉनची दोरी उसवू नये म्हणून टोक काडीने किंवा विडीने जाळायची सवय आहे. ऊस बांधायच्या दोरीला ते ठीक आहे. तंगुशीला अजिबात करू नका, टोकाची धग शेजारच्या गाठीपर्यंत जाते आणि सगळी मेहनत वाया जाते.

आता लीडर दोरीला जोडायचा. दोरीच्या टोकाला कडी असते, बहुतेक दोऱ्यांना कारखान्यातूनच चिकटवून आलेली. लीडरची कडी दोरीच्या कडीवर चढवा. मग लीडरचं दुसरं, बारीक टोक दोरीच्या कडीतून घालून सगळा लीडर ओढून घ्या.

जोड बसताना थांबून बघा. दोन्ही कड्या एकमेकींत गुंतलेल्या, दोन्ही बाजूंना सारख्या दिसल्या पाहिजेत, हस्तांदोलनासारख्या. एक कडी दुसरीच्या मानेवर दुमडून बसली असेल, म्हणजे एका बाजूला फुगीर आणि दुसऱ्या बाजूला सरळ दोरा, तर बारीक लीडर जाड दोरीच्या लेपात रुततो आणि तो फाडतो. ढिला करून, कड्या बोटाने सरळ करून पुन्हा ओढा. जमायला दोन सेकंद लागतात. फाटलेली दोरी मात्र महागात पडते.

घरी एक परीक्षा करून बघा. रिकामी बादली वजन करून ठेवा. खिडकीच्या गजाला तंगूस बांधा, खालच्या कडीत बादलीची कडी अडकवा, बादली जमिनीपासून चार बोटं वर राहील इतकीच. मग मगाने पाणी ओतत जा. एक लिटर म्हणजे एक किलो. एकच गाठ एकदा कोरडी आवळून आणि एकदा ओली आवळून बघा, म्हणजे कुठली किती लिटरला तुटते ते कळेल. खाली वाकून तोंड जवळ नेऊ नका, तुटलेली तंगूस जोरात उसळते.

पाण्यावर गेल्यावर दर थोड्या वेळाने गळाच्या वरचा हातभर दोरा अंगठा आणि तर्जनीमधून ओढून बघा. खरखर लागली किंवा कडीच्या मुळाशी पांढरा डाग दिसला, तर तो भाग कापून नवी गाठ. मोठा मासा काढल्यावर, आणि गळ झुडपात अडकून ओढून काढल्यावर, न बघताच नवी गाठ. केजच्या एप्रिल-मे महिन्यांत मोटारसायकलच्या डिकीत किंवा उन्हात ठेवलेली तंगूस पुढच्या हंगामात वापरू नये, ऊन नायलॉनला ठिसूळ करतं.

या सगळ्याची एवढी काळजी का? मासा गेला तर उद्या दुसरा मिळेल. पण तुटलेला दोरा माशाच्या तोंडात गळ ठेवून जातो, आणि वरच्या गाठीशी तुटला असेल तर मागे हात-दोन हात तंगूस लोंबत राहते. ती बाभळीच्या खोडात गुंतली की मासा तिथेच अडकून मरतो. नीट बांधलेली कडी हा आपल्या बाजूने पाळायचा किमान नियम आहे, असं मला मनापासून वाटतं.

धरणात गळ टाकण्याआधी तिथल्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेला विचारून घ्या. धरणांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी ठेक्याने अशा संस्थांकडे असते, मत्स्यबीज त्यांनी पैसे घालून सोडलेलं असतं, आणि त्यावर अनेक घरं चालतात.

शेवटचं, कापलेल्या तुकड्यांचं. मांजरेचं पाणी उन्हाळ्यात खूप मागे हटतं. 2016 मध्ये तर धरण कोरडं पडलं आणि एप्रिलपासून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पाणी हटलं की मोकळ्या गाळात पेरणी होते, गुरं चरतात, बगळे उतरतात. आपण टाकलेली तंगूस तिथेच पडलेली असते, कुजत नाही, दिसतही नाही. गुरांच्या खुरात, बगळ्याच्या पायात ती कडीसारखीच आवळते. म्हणून झाकणाची एक छोटी डबी खिशात ठेवा. प्रत्येक तुकडा, दोन बोटांएवढा असला तरी, तिच्यात टाका आणि घरी आणा. घरी त्याचे कात्रीने बोटभर तुकडे करून कचऱ्यात टाका. जाळू नका, नायलॉनचा धूर वाईट असतो.